काकडीचा घोडा, वांग्याची गाय

जुलै २०२१ मधली दुपार. दाराची बेल वाजली. दारात शेजारच्या आजी उभ्या. तोंडाला मास्क, हातात पिशवी आणि पिशवीत दोन काकड्या नि दोन वांगी. मला वाटलं, गावाकडून कुणी भाजी पाठवली असेल, त्यातला वाटा द्यायला आल्या असतील. मी आभार मानून हात पुढे केला, तर म्हणाल्या, "भाजीसाठी नाही गं. लेकीला पाठव जरा अंगणात. आम्हाला घोडा करायचाय."

आम्ही टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा भागात राहतो. इथं भारतीय पुष्कळ आहेत, डाळ-तांदूळ-हिंगाची दुकानं आहेत. गणपतीत मराठी माणसं एकत्र येतात, दिवाळीत फराळ होतो. त्यामुळे 'आपले' सण आणि 'त्यांचे' सण असे दोन कप्पे मी मनात छान नीटनेटके केले होते. त्यांच्या कप्प्यातलं बघायचं, फोटो काढायचे, टाळ्या वाजवायच्या, एवढंच. त्या दुपारी काकडी-वांग्यांनी तो कप्पा मोडला.

ते वर्ष आमच्यासाठी वाईट होतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याला माझे वडील गेले. विमानं आणि नियम दोन्ही आडवे आले. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. लेक तेव्हा चार वर्षांची. रोज संध्याकाळी आजोबांशी व्हिडिओवर गप्पा मारायची तिची सवय. तिला काय सांगायचं? सगळ्या आया सांगतात तेच मी सांगितलं, 'आजोबा देवबाप्पाकडे गेले, आता ते आकाशात तारा झालेत.' सांगताना मला वाटलं, सुटले.

पण मुलं आपली वाक्यं जपून ठेवतात आणि नको तेव्हा समोर मांडतात. जुलैच्या सुरुवातीला तिच्या पाळणाघरात 'तानाबाता'ची तयारी सुरू झाली. सात जुलैचा हा ताऱ्यांचा सण. विणकाम करणारी ओरिहिमे आणि गुरं राखणारा हिकोबोशी एकमेकांत इतके रमले की कामधाम विसरले. म्हणून आकाशाच्या राजानं त्यांना आकाशगंगेच्या दोन काठांवर ठेवलं. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, त्यांची भेट होते. आपल्याकडे ज्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतात तेच हे दोन तारे. या दिवसांत शाळा, दुकानं, रेल्वे स्टेशनं, सगळीकडे बांबूच्या हिरव्या फांद्या उभ्या करतात. लहान मुलं कागदाच्या साखळ्या करतात, घडी घातलेल्या कागदाला उलटसुलट कात्री मारून तो हलकेच ओढतात, की जाळीची आकाशगंगा तयार! आणि रंगीत कागदाच्या लांबट पट्टीवर आपली इच्छा लिहून ती फांदीला बांधतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची इच्छा बाई लिहून घेतात. कुणाला फायर ब्रिगेडमध्ये जायचं असतं, कुणाला आनपानमान व्हायचं असतं.

आमच्या बाईसाहेबांनी लिहवून घेतलं, 'तारे भेटतात तेव्हा आजोबांनी पण यावं.'

सात जुलै म्हणजे इथल्या पावसाळ्याचे दिवस. आकाश गच्च ढगाळ. लेक रात्री उशिरापर्यंत खिडकीत उभी. शेवटी मला विचारलं, "पाऊस होता म्हणून आजोबा आले नाहीत का? मग उद्या येतील?" मी काय बोलणार! माझीच थाप माझ्या गळ्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला गेले तेव्हा शेजारच्या आजींनी सहज विचारपूस केली आणि मी भडाभडा सगळं सांगून मोकळी झाले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. एकोणपन्नास दिवस उलटून गेलेत ना, असं विचारलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हा त्यांचा पहिला ओबोन." बस, एवढंच. आणि १३ तारखेला दारात हजर.

ओबोन म्हणजे जपानी लोकांचा पितरांचा सण. देशात बहुतेक ठिकाणी तो १३ ते १६ ऑगस्टला असतो. टोकियोच्या काही जुन्या वस्त्यांत मात्र जुलैतच करतात. १८७३ साली जपाननं नवं कॅलेंडर स्वीकारलं, तेव्हा कुणी तारीख धरून राहिलं, कुणी ऋतू. या चार दिवसांत घरातली गेलेली माणसं परत येतात असं मानतात. त्यांना यायला वाहन हवं ना? म्हणून काकडीला चार काड्या टोचून पाय करायचे, हा घोडा. येताना लवकर यावं म्हणून. आणि वांग्याला पाय लावून करायची गाय. जाताना सावकाश जावं आणि आपण दिलेली शिदोरी तिच्या पाठीवरून न्यावी म्हणून.

आजींनी अंगणात वर्तमानपत्र पसरलं. लेकीच्या हातात काड्या दिल्या. 'हे असं असतं, ते तसं असतं' असं व्याख्यान नाही. फक्त "पाय सारखे कर, नाहीतर घोडा पडेल" एवढी एक सूचना. घोडा तीनदा पडला. चौथ्यांदा उभा राहिला. संध्याकाळी त्यांनी दारासमोर मातीच्या पसरट भांड्यात अंबाडीसारख्या वाळलेल्या काड्या पेटवल्या. ही येणाऱ्यांना वाट दाखवणारी आग. आमच्या घोड्याचं तोंड घराकडे वळवून ठेवलं. लेकीनं विचारलं, "आजोबांना जपानचा पत्ता माहीत आहे?" आजी म्हणाल्या, "घोड्याला माहीत असतो."

त्या रात्री माझी मुलगी कितीतरी दिवसांनी शांत झोपली. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. सोळा तारखेला पाठवणीची आग पेटली तेव्हा तिनं वांग्याच्या गाईशेजारी दाण्याचा लाडू ठेवला आणि "हळू जा" म्हणाली. रडली नाही. रडले मी. फोनवरून ज्यांना निरोप देता आला नव्हता, त्यांना तिथं, परक्या अंगणात, माझ्या चार वर्षांच्या मुलीनं निरोप दिला.

मैत्रिणींनो, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली आहे. लहान मुलांना परंपरा समजावून सांगायची नसते. त्यांच्या हाताला त्यांच्या मापाचं काम द्यायचं असतं. समजायचं ते मग आपसूक समजतं. आणि ज्या गोष्टी आपण 'मुलांना कशाला' म्हणून झाकून ठेवतो, अगदी मृत्यूसुद्धा, त्या हाताला काम मिळालं की मुलं आपल्यापेक्षा नीट पेलतात.

गंमत बघा, हा सण तरी कुठला? ओबोनचं पूर्ण नाव 'उराबोन'. ते संस्कृत 'उल्लंबन' या शब्दावरून आलं असं परंपरेनं मानतात. गोष्टही आपल्याच मातीतली. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, जपानी लोक त्याला मोकुरेन म्हणतात, याला आपली मेलेली आई भुकेल्या प्रेतांच्या लोकात तळमळताना दिसते. तो तिला अन्न देतो तर घास तोंडाशी नेताच त्याचा अंगार होतो. बुद्ध सांगतात, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला वर्षावास संपवून भिक्षू येतील, त्यांना जेवू घाल. तो तसं करतो, आई सुटते आणि आनंदानं तो नाचू लागतो. ओबोनच्या रात्री जो नाच होतो, 'बोन ओदोरी', तो या नाचातून आला असं सांगतात. म्हणजे पितरांच्या सणात चक्क नाच! आपल्याकडे पितृपक्षात नवी साडीसुद्धा घेत नाहीत.

ही बोन ओदोरी एकदा बघाच. देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणात मध्यभागी लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, भोवती कंदिलांच्या माळा. मचाणाभोवती गोल धरून सगळे नाचतात. चार-सहा हातवारे, तेच ते पुन्हा पुन्हा. आतल्या वर्तुळात ज्यांना येतं त्या बायका, बाहेर बाकीचे. मूल पुढच्याचं बघून हात हलवतं, चुकतं, पुन्हा पकडतं. तालीम नाही, निवड नाही, पहिला नंबर नाही. मला पहिल्यांदा बघताना आपला भोंडलाच आठवला. पाटावर हत्ती मांडून भोवती फेर धरायचा, लहानीनं मोठीचा हात धरायचा आणि फिरता फिरताच गाणी पाठ व्हायची. कुठं शिकलो आपण भोंडला? कुठंच नाही. फेरात शिरलो, एवढंच.

२०२० आणि २०२१ मध्ये इथले बहुतेक मोठे उत्सव रद्द झाले होते. आमच्या वस्तीतला उन्हाळी उत्सव पूर्ण रूपात पुन्हा भरला तो २०२३ साली. लेक तेव्हा पहिलीत होती. घरोघरी फिरणाऱ्या सूचनांच्या फळीवर कागद आला, 'मुलांच्या पालखीसाठी मुलं हवीत.' इथं देवाची पालखी असते, 'मिकोशी'. मोठ्यांची जड, चकचकीत आणि तिच्याबरोबर मुलांसाठी बेतानं केलेली छोटी. अगदीच लहान असतील त्यांनी गाड्याचा दोर ओढायचा. कागदाखालची ओळ वाचून मला वाईट वाटलं, 'इतर वस्तीतली मुलंही चालतील.' २०२४ साली या अख्ख्या देशात सात लाखांहूनही कमी मुलं जन्मली. पालखी आहे, खांदे नाहीत, अशी गत.

माझा जीव मात्र खालीवर. हा तर शिंतो देवळातला देव. आपण द्यायचा का खांदा? उद्या ही आपले सण विसरली तर? साताऱ्याला आईला फोन लावला. मला वाटलं, ती काहीतरी शास्त्र काढेल. ती म्हणाली, "पालखीच ना ती? मग दे म्हणावं खांदा. आणि टोपी घाल तिला, ऊन असेल." विषय संपला.

सकाळी निळा अंगरखा घालून, डोक्याला रुमाल बांधून पोरगी निघाली. दोन रांगांत मुलं, बाजूनं मोठी माणसं, आणि 'वास्शोई, वास्शोई'चा गजर. दर काही अंतरावर सावलीत थांबायचं, जवाचं गार पाणी प्यायचं, बर्फाची कांडी खायची, पुन्हा उचलायचं. दुसऱ्या थांब्याला तिचा खांदा सोलवटला. मी धावले. एक आजोबा तिच्या खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून म्हणाले, "उंच आहेस, मागे जा, तिथं जड कमी लागेल." 'बास झालं, घरी जा' नाही म्हणाले! ओझं काढून नाही घेतलं, पेलेल असं करून दिलं. माझ्यासारख्या धावत्या आईला हा मोठा धडा होता.

संध्याकाळी नाचासाठी युकाता. मुलांच्या युकाताला खांद्यावर आणि कमरेशी दुमड घालून टाके मारलेले असतात, मूल वाढेल तशी उसवायची. आपण परकराला घालत असू तशीच. मी मोठ्या हौसेनं नेसवला. पटांगणात शेजारच्या आजींनी तिला बघितलं, पटकन कंदिलामागे नेलं, सोडलं, पुन्हा नेसवलं. मला नंतर हळूच सांगितलं, नेसणाऱ्याची डावी बाजू वर हवी. उजवी वर ठेवतात ती मृताला नेसवताना. मी शरमले. त्या म्हणाल्या, "दरवर्षी कुणीतरी चुकतंच. म्हणून तर आम्ही म्हाताऱ्या लवकर येऊन बसतो."

मुलांना सामावून घेण्याची ही रीत सगळ्यात गोड दिसते ती क्योतोत. ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथल्या गल्ल्यांत 'जिझोबोन' असतो. जिझो म्हणजे आपला बोधिसत्त्व क्षितिगर्भ, लहान मुलांचा रक्षणकर्ता. गल्लीच्या तोंडाशी त्याची दगडी मूर्ती असते. त्या दिवशी तिला सजवतात आणि वर कंदील लावतात. कितीतरी ठिकाणी प्रत्येक कंदिलावर गल्लीतल्या एकेका मुलाचं नाव असतं. मूल जन्मलं की त्याच्या नावाचा कंदील येतो. मग मुलं गोल बसतात आणि एक भलीमोठी जपमाळ हातोहात फिरवतात. मोठा मणी समोर आला की तो कपाळाला लावायचा. दोन वर्षांच्या बाळालाही जमेल असं काम. आपलं नाव कंदिलावर वाचणाऱ्या मुलाला 'तू इथला आहेस' हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता सगळंच काही छान आहे असं समजू नका. खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. क्योतोच्या प्रसिद्ध गिओन उत्सवात सगळ्यात पुढच्या रथावर एक सजवलेलं मूल बसतं. त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, इतका मान. पण ते मूल मुलगाच असतं आणि त्या रथावर बायकांना प्रथेनं प्रवेश नाही. माझ्या लेकीनं विचारलं, "मला का नाही?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते मी बनवूनही सांगितलं नाही.

दुसरं, जत्रेतले सोनेरी मासे. पातळ कागद लावलेल्या चकतीनं ते पाण्यातून उचलायचे, कागद फाटला की खेळ संपला. मुलं वेडी होतात. पण पिशवीतून घरी आलेला आमचा मासा चौथ्या दिवशी मेला. तेव्हापासून आमच्या घरात पाण्यातले फुगे पकडायचे, मासे नाही. लेकीला पर्समध्ये शंभर येनची पाच नाणी मिळतात. फुगा, साखरेचा कापूस की सरबत घातलेला बर्फाचा गोळा, तिचं तिनं ठरवायचं. संपले की संपले. परंपरा म्हणून सगळंच उचलायला हवं असं नाही, निवडायलाही शिकवता येतं.

आणि तिसरं, जे आपल्याला कुणी सांगायला नको. तव्यावर नूडल्स परतणारे पुरुष पटांगणात सगळ्यांना दिसतात. मागच्या खोलीत शंभर-दीडशे भाताचे मुटके वळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, मुलांचे अंगरखे धुऊन घडी घालणाऱ्या बायका दिसत नाहीत. मीही त्या खोलीत उभी होते. परंपरा मुलांपर्यंत पोचते ती बहुतेक वेळा कुणातरी आईच्या दुखऱ्या कमरेवरून. मुलांच्या हाताला काम द्यायचं तर बाबांच्याही हाताला द्या, असं मी तिथं मोडक्यातोडक्या जपानीत बोलले. पुढच्या वर्षी दोन बाबा मुटके वळायला आले. दोनच. पण आले.

त्या वर्षी पितृपक्षात शाळेची आठवडाभर रजा काढून आम्ही साताऱ्याला गेलो. घरात नेहमीचं वातावरण. गुरुजी, भाऊ, स्वयंपाकघरात आई, काकू, आत्या. आणि मुलं? मुलं आतल्या खोलीत टीव्हीसमोर कोंडलेली. 'मध्ये मध्ये करू नका, इकडे फिरकू नका.' माझी लेक मात्र बाहेर आली ती कोशिंबिरीसाठी ठेवलेली काकडी हातात घेऊन. तिला काडेपेटीच्या काड्या हव्या होत्या. आत्या कडाडली, "हे काय चाललंय? श्राद्ध आहे आज!" घरात एकदम चिडीचूप. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "करू दे गं तिला. त्यांच्यासाठीच करतेय ना."

पाच मिनिटांत भाच्यांनी सगळ्या काकड्या संपवल्या. कोशिंबीर राहिली, घोडे मात्र सहा झाले. पान वाढून झाल्यावर मुलांनीच ते गच्चीवर नेलं. कावळा काही येईना. मोठी माणसं अस्वस्थ. धाकटा भाचा म्हणाला, "आजोबा निघालेत, घोडा पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकला असेल." आत्याच आधी हसली. मग तिनं पोरांना जवळ बसवून सांगितलं, की तिच्या दादाला, म्हणजे माझ्या बाबांना, लहानपणी घोड्यावर बसायची किती भीती वाटायची. ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. त्या गच्चीवर माझे वडील मुलांच्या घोळक्यात खरोखर येऊन बसले होते, असं मला वाटलं.

नंतर मला म्हणावंसं वाटलं, की आपण मुलांना एकतर स्टेजवर उभं करतो नाहीतर खोलीत बसवतो. गणपतीत महिनाभर तालमी करून सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवायचा, आयांनी मोबाइलवर शूटिंग करायचं, बक्षीस नाही मिळालं की घरी जाऊन रडारड. आणि ज्या दिवशी घरात खरंखुरं काही घडत असतं, त्या दिवशी मुलांना 'जा, खेळा.' मधली जागा आपण विसरलो. फेरातली जागा. दुर्वा निवडणं, मोदकाची एक पाकळी चिमटणं, रांगोळीत एक रेघ ओढणं, कावळ्याचं पान गच्चीवर नेणं. वाकडं होईल, सांडेल, उशीर होईल. होऊ दे की.

आणि आपले सण विसरेल, ही माझी भीती? ती उलटीच ठरली. 'त्यांच्या' अंगणात घोडा करायला शिकलेल्या मुलीनंच 'आपल्या' घरातल्या श्राद्धात मुलांना जागा करून दिली. कप्पे मुलांनी केलेले नसतात, आपण केलेले असतात.

शेजारच्या आजींना मी परत आल्यावर ही सगळी हकिगत सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "गाय केली होती ना? नाहीतर परत कसे जाणार ते?"

गाय राहिलीच होती. पुढच्या वेळी वांगीही जास्त आणायची, असं आईला फोन करून सांगितलंय.